ब्रेकअपनंतर एकदा भेटून विचारायचंय? सांगलीसारख्या गावात हे कसं करावं

नातं तुटून सहा-आठ महिने होतात, कामधंदा सुरळीत चालू असतो, तरी "नेमकं झालं काय?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. शेवटचं बोलणं फोनवर झालेलं, तेही अर्धवट. त्यानंतर एका मैत्रिणीनं एक सांगितलं, दुसऱ्या मित्रानं भलतंच. समुपदेशनाच्या कामात अशी मुलंमुली माझ्यापुढे नेहमी बसतात आणि शेवटी हमखास विचारतात, "मॅडम, एकदा भेटून विचारू का?"

बऱ्याच जणांना मी "विचारा" म्हणते, पण तयारी करून. समोरच्याच्या बाजूनं काय घडलं, ही हकीकत भेटीत कळू शकते. ती ऐकून तुमचं समाधान होईल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पुढचं सगळं हे धरून लिहिलंय की तुम्हाला ती हकीकत हवी आहे. माणूस परत हवा असेल तर तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळं, उघड बोलणं लागतं. एकाच्या नावाखाली दुसरं करायला गेलात तर समोरच्याला पाच मिनिटांत कळतं आणि मग हकीकतही हाती लागत नाही.

आधी चार दिवस लिहा

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायचं. घडलेलंही लिहायचं आणि त्याबद्दल वाटलेलंही. लिहून झाल्यावर लगेच त्या मुलांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मी हे सगळ्यांना करायला लावते, कारण फुकट आहे आणि कुणाला कळतही नाही. जुनी वही घ्या, खाडाखोड करत बसू नका. आणि फोनवर लिहू नका. चुकून पाठवलं जातं.

चौथ्या दिवशी ती पानं वाचा आणि त्यातले प्रश्न वेगळे काढा. बरेचसे प्रश्न स्वतःलाच विचारलेले निघतील: "मला आधी का नाही कळलं?" काही नुसते संतापाचे असतील: "तुला लाज कशी नाही वाटली?" या दोन्हींची उत्तरं भेटीत मिळत नाहीत. ज्यांचं उत्तर जगात फक्त त्याच्याकडे किंवा तिच्याकडे आहे, असे दोन-तीन प्रश्न ठेवा आणि बाकीच्यांवर रेघ मारा.

मग स्वतःला एक विचारून बघा. भेटीच्या आदल्या दिवशी कळलं की त्याचं लग्न ठरलंय, तरी हे प्रश्न विचारावेसे वाटतील का? "हो" आलं तर तुम्ही खरंच समजून घ्यायला निघालाय. "मग कशाला जायचं?" असं मनात आलं तर थांबा, अजून आशा आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नुकताच नकार मिळालेल्या १५ जणांच्या मेंदूची तपासणी केली होती. त्या माणसाचा फोटो बघताना, एखाद्या गोष्टीची तीव्र ओढ लागते तेव्हा जागे होतात तेच मेंदूचे भाग त्यांच्यात जागे झालेले दिसले. त्या अवस्थेत माणूस उत्तर ऐकायला जात नाही, चेहरा बघायला जातो. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत भेटूच नये, असं माझं मत आहे.

कुणी अजिबात जाऊ नये

नात्यात मारहाण झाली असेल, धमक्या दिल्या गेल्या असतील, फोटो पसरवण्याची भीती घातली गेली असेल, तर कारण जाणून घेण्यासाठी भेटायला जायचं नाही. फोनही नाही. अशा माणसाला तुमचा प्रश्न म्हणजे पुन्हा आत शिरायची वाट वाटते. तोच "शेवटचं एकदा भेट" म्हणून मागे लागला असेल तर घरात एका तरी मोठ्या माणसाला सांगा आणि धोका वाटला तर ११२ लावा.

मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती त्यांना कुणी सांगत नाही. मुलीनं नको म्हणून सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करणं, मैत्रिणींकडून निरोप धाडणं, तिच्या ऑफिसबाहेर गाडी लावून उभं राहणं, याला कायदा पाठलाग म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो आणि पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मला फक्त कारण हवं होतं" हा त्यावरचा बचाव नाही.

समोरच्याचं लग्न ठरलं असेल तरीही मी नको म्हणते. सांगलीत साखरपुड्याची बातमी कार्यालय बुक व्हायच्या आधी सगळीकडे पोचलेली असते. तुम्ही तासभर बोललात याची किंमत त्या मुलीला, क्वचित मुलाला, पुढे सासरी मोजावी लागू शकते.

आणि तुमच्याच मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर ही भेट आत्ता नको. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो २४ तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी तिथं बोला.

निरोप कसा धाडायचा

एकदाच, स्वतः, आणि दिवसाउजेडी. रात्री एक वाजता आलेला मेसेज कितीही चांगल्या शब्दांत असला तरी तो रात्री एकचाच असतो. मित्रामार्फत निरोप पाठवला तर त्याचा अर्थ वाटेत बदलतो, आणि शिवाय तो मित्र उत्तर ऐकायला थांबतो. "खूप महत्त्वाचं बोलायचंय" एवढंच लिहून सोडून देऊ नका. समोरच्याला वाटतं, काहीतरी भयंकर झालंय किंवा पुन्हा सगळं सुरू होणार आहे.

मी सुचवते तो मजकूर साधारण असा:

"कसा आहेस? आपलं संपलं त्याबद्दल मला दोन-तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. परत सुरू करायचा विषय नाही आणि भांडायचंही नाही. तासभर भेटू शकशील का? जागा आणि वेळ तू सांग. नको असेल तर 'नको' एवढंच कळव, मी पुन्हा विचारणार नाही."

शेवटचं वाक्य नुसतं लिहायचं नसतं, पाळायचं असतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोही नकार धरायचा. निळ्या टिका दिसतायत म्हणून दुसरा मेसेज टाकायचा नाही.

जागा आणि वेळ

पुण्या-मुंबईत हा प्रश्न दोन ओळींत सुटतो. सांगलीत त्यावरच भेटीचं निम्मं यश ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

इथं अडचण दुहेरी आहे. चारचौघांत बसावं तर कुणीतरी ओळखीचं भेटतं, आडजागी जावं तर सुरक्षित वाटत नाही. या दोन्हींत निवडायची वेळ आली तर चारचौघांतलीच जागा निवडा, कारण बघणाऱ्याला सांगायला "जुना क्लासमेट" पुरतं. दंडोब्याच्या डोंगरावर, गावाबाहेरच्या शेतातल्या खोलीवर, मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर जायचं नाही. नातं चालू असताना जिथं नेहमी जायचात तिथंही नाही. शंभर फुटी रोडवरच्या ज्या कॅफेत तिचा वाढदिवस केला, तिथं बसून तुम्ही प्रश्न विचारूच शकणार नाही.

गणपती मंदिराचा परिसर मंगळवार आणि संकष्टी सोडून चालतो, पण तिथं बसून रडता येत नाही आणि या भेटीत रडू येण्याची शक्यता धरूनच चालावं. आमराईत सकाळी फिरायला येणारे निवृत्त काका-काकू असतात. त्यांची नजर चुकत नाही, पण त्यांच्यामुळेच तिथं निर्धास्त वाटतं. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, दिवसा माणसांचा राबता असतो. बोलायला मला तीच जागा सगळ्यात बरी वाटते, फक्त अंधार पडायच्या आत उठायचं आणि श्रावणी सोमवार टाळायचा, कारण तेव्हा तिथं यात्रा असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदीकाठ धरूच नका. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा असतो आणि ४५ फुटांवर धोका. त्या दिवसांत अर्धी सांगली पाणी बघायला घाटावर आलेली असते.

ओळखीचे नकोतच म्हणून काही जण मिरजेला जातात. जवळ आहे, सिटी बस आहे, सोयीचं आहे. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव. कुणाच्या ना कुणाच्या नात्यातलं पेशंट तिथं ॲडमिट असतंच. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन दोन्ही टाळा, कारण तिथं एकाचं लक्ष सारखं गाडीकडे असतं.

समोरचा पुण्याहून येणार असेल तर शनिवारची दुपार सांगा. रविवारी संध्याकाळची ट्रॅव्हल्स गाठायची असली की माणूस घड्याळ बघत बोलतो. दिवाळी, गणपती, घरातलं लग्न, या काळात भेट ठेवू नका. घरचं वातावरण डोक्यात असताना कुणी खरं बोलत नाही.

वेळ एक तास, फार तर दीड. चहा किंवा कॉफी घ्या, जेवायला बसू नका. ताट समोर आलं की संपेपर्यंत उठता येत नाही. आपापल्या गाडीनं या आणि आपापल्या गाडीनं जा. एका गाडीवर डबलसीट बसायचं नाही, "चल, कॉर्नरपर्यंत सोडतो" हेसुद्धा नाही. जुनी सवय अंगात असते आणि त्या दहा मिनिटांत तासाभराच्या बोलण्यावर पाणी पडतं. एका मैत्रिणीला किंवा भावाला कुठं आणि किती वाजेपर्यंत आहात ते सांगून ठेवा, लाइव्ह लोकेशन द्या. त्यांना शेजारच्या टेबलावर मात्र बसवू नका.

काय विचारायचं, कसं विचारायचं

सुरुवात करताना आभार मानायला विसरू नका. येणाऱ्यानंही धीर करूनच पाऊल उचललेलं असतं. मग सरळ विषय काढा. अर्धा तास नोकरी, हवापाणी, कॉमन मित्र यांवर गेला तर खरं बोलायला वेळच उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "तू असं का केलंस?" असं विचारू नका. हा प्रश्न ऐकला की माणूस आरोपीच्या जागी जातो. तो बचाव करतो, किंवा तुमच्या चुका मोजायला लागतो, किंवा "तुझ्यात काही वाईट नव्हतं गं" असं गुळगुळीत काहीतरी बोलून मोकळा होतो. त्याऐवजी "कधीपासून" विचारा. कधी वाटायला लागलं, तेव्हा काय झालं होतं, मग पुढे काय केलंस. माणसाला घडलेलं सांगणं सोपं जातं. नातं तुटण्याचं कारण त्या सांगण्यात आपोआप येतं.

एका मुलीनं मला तिच्या भेटीतलं बोलणं सांगितलं होतं. ओळख पटणार नाही इतपत बदलून ते इथं देते.

"आपलं लग्नापर्यंत जाणार नाही असं कधीपासून वाटायला लागलं तुला?"

"मागच्या दिवाळीपासून."

"दिवाळीत काय झालं?"

"आत्या आली होती. तिनं एक स्थळ आणलं होतं. बाबा म्हणाले, यंदा उरकून टाकू."

"मग तू माझ्याबद्दल काय म्हणालास?"

तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. "काही नाही. विषयच नाही काढला."

ब्रेकअपच्या वेळी त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, की घरचे तयार नाहीत. जात वेगळी, त्यामुळे तिला ते लगेच पटलंही होतं. इतके दिवस ती त्याच्या वडिलांवर चिडून होती, आणि त्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. ती मला म्हणाली, राग गेला नाही, पण आता तो योग्य माणसावर आहे. या एका उत्तरासाठीच भेटायला गेले असं तिला वाटलं, आणि मलाही ते पटलं.

आपल्याकडे नातं तुटतं तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा तोंडी कारण "घरचे" असतं. कधी ते शंभर टक्के खरं असतं. जातीवरून, पत्रिकेवरून, जमिनीवरून, मुलाच्या पगारावरून घरात खरंच रणकंदन झालेलं असतं आणि माणूस मोडून बाहेर आलेला असतो. कधी "घरचे" हे फक्त पांघरूण असतं. दोन्हींतला फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: "घरी कुणाशी बोललास आणि ते काय म्हणाले?" खरंच भांडलेला माणूस प्रसंग सांगतो, कोण कुठं बसलं होतं तेसुद्धा सांगतो. न भांडलेला माणूस "अगं, तुला माहितीये ना आमच्या घरचं" असं म्हणतो. यापुढे उलटतपासणी करू नका. तुम्हाला जे कळायचं ते कळलेलं असतं.

समोरचा गप्प बसला तर त्याला गप्प बसू द्या. ती शांतता भरून काढायला आपण हमखास स्वतःच उत्तर सुचवतो, "माझ्या नोकरीमुळे ना?" आणि सुटका झाल्यासारखा तो "हो" म्हणतो. मग घरी येऊन तुम्ही स्वतःचंच उत्तर घोकत बसता.

तुमच्याबद्दल काही टोचणारं निघेल. तू सारखा फोन तपासायचास, तू माझ्या आईला कधी धड बोलली नाहीस, तुझ्याबरोबर मला नेहमी कमी शिकल्यासारखं वाटायचं. तिथल्या तिथं खोडू नका. "हे मला माहीत नव्हतं, अजून सांग," एवढं म्हणा. पटलं पाहिजे असं नाही. ऐकून घ्यायला आलात, तेवढं करा.

काही गोष्टी त्या टेबलावर आणायच्याच नाहीत. आता कुणी आहे का, हे विचारू नका. जुने स्क्रीनशॉट उघडू नका. चोरून रेकॉर्डिंग करू नका. देवाची किंवा आईची शपथ घालू नका. उसने पैसे, गाडीचे हप्ते, दिलेल्या वस्तू हा हिशेब स्वतंत्र मेसेजवर मिटवा, कारण पैशाचा विषय निघाला की बाकी सगळं बाजूला पडतं. भेटीच्या आधी दारू घेऊन जायचं नाही आणि समोरचा घेऊन आलाय असं दिसलं तर दोन मिनिटांत निघायचं. आवाज चढला, हात धरला, "तू गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन" असं काही निघालं तर बोलणं तिथंच थांबवा. ती धमकी असो वा खरं दुखणं, सांभाळायचं काम तुमच्या एकट्याचं नाही. त्याच्या घरी किंवा जवळच्या मित्राला लगेच कळवा, वेळ पडली तर ११२ ला.

उठायची वेळ

प्रश्न संपले की उठा, वेळ शिल्लक असली तरी. बरे चाललेले शेवटचे क्षण लांबवावेसे वाटतात आणि तिथंच "आपण चुकलो का रे?" सुरू होतं. "तू आलास, बोललास, मला बरं वाटलं. निघते," एवढं पुरे. पुन्हा भेटायचं ठरवू नका. दुसरी भेट खरोखर गरजेची असेल तर ती महिन्यानंतरही गरजेचीच राहील.

घरी पोचलात की मैत्रिणीला कळवा. समोरच्याला "पोचले" असा मेसेज करू नका. तो शब्द तुमच्या दोघांत जुना आहे आणि त्याला उत्तर येतं. त्याच रात्री, झोपायच्या आधी, वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. तुमचा अर्थ वेगळ्या पानावर. आठवड्यानं दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचलीत तर आपण किती भर घातली ते दिसतं. पुढचे आठ-दहा दिवस स्टेटस म्यूट करा. मन पुन्हा खाली गेलं तर घाबरू नका, जखम उघडून साफ केली की दुखतेच. पण महिनाभरानंतरही झोप, जेवण, काम ताळ्यावर येत नसेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

बोलावणं तुम्हाला आलं असेल तर

तुम्ही नातं सोडलं असेल आणि विचारणारा दुसरा असेल, तर जायला तुम्ही बांधील नाही. पण गेलात तर खरं सांगा, आणि पूर्ण सांगा. "तुझ्यासारखं कुणी भेटणार नाही मला" यासारखी वाक्यं दयेपोटी येतात आणि समोरचा ती वर्षभर जपतो. प्रेम आटलं असेल तर तसं म्हणा. धाडस झालं नाही, घरी तोंड उघडलं नाही, असं असेल तर तेही म्हणा. वडिलांच्या नावावर खपवू नका.

जायचं नसेल तर गप्प बसू नका, पाच ओळी लिहा: मला भेटायचं नाही. माझ्या मनात अमुक महिन्यापासून हे चालू होतं. कारण हे होतं. यातला एवढा भाग माझा. मी परत येणार नाही. "बघू, वेळ मिळाला की बोलू" असं उत्तर देऊ नका, त्यावर माणूस पुढची दिवाळी येईपर्यंत वाट बघत बसतो. आणि त्या पाच ओळी, ज्या आठवड्यात विचारलं, त्याच आठवड्यात पाठवा.